वहिनींना पुण्याची ऑफर आणि दादाचा कूलरचा सीझन

हे प्रकरण माझ्या चुलतभावाच्या घरचं आहे. दोघांना विचारून लिहितोय, नावं घालत नाही, पगाराचे आकडे थोडे गोल केलेत, बाकी जसं झालं तसं. वहिनी म्हणाल्या बिनधास्त लिहा, आम्ही शोधत होतो तेव्हा वाचायला धड काही मिळालं नाही, जे होतं ते सगळं पंचविशीतल्या एकट्या पोरापोरींसाठी, ज्यांचं सगळं सामान दोन बॅगांत मावतं आणि ज्यांना फक्त रूममेट शोधायचा असतो. इथं एक दुकान होतं, तिसरीतली एक पोरगी होती, दोन वय झालेली माणसं होती आणि एक ऑफर लेटर होतं ज्याचं उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं.

घर नागपूरला, मानेवाड्यात. काका मास्तर म्हणून रिटायर झाले, घर त्यांनीच बांधलेलं, खाली काका-काकू, वर दादा-वहिनी आणि पोरगी. भाडं नाही, हप्ता नाही. वहिनी मिहानमधल्या (नागपूर विमानतळाजवळचा कंपन्यांचा पट्टा) एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर, अ‍ॅक्टिवाने जाऊन येऊन. दादाचं रिंग रोडला कूलरचं दुकान, विक्री कमी आणि रिपेअरिंग जास्त. ज्यांनी नागपूरचा मे पाहिला नाही त्यांना हा धंदा काय आहे ते कळणार नाही म्हणून थोडं सांगतो. इकडे होळीच्या आगेमागे घरोघरी खिडकीतल्या कूलरवरची ताडपत्री निघते, मग कळतं की मागच्या वर्षीची ताटी, म्हणजे पाणी झिरपून हवा गार करणारी बाजूची जाळी, पाण्याच्या क्षाराने पांढरी होऊन दगड झालीये, पंप जाम आहे, टाकीला खालून गंज चढलाय. ताट्या बदलायच्या, कोणाला वुडवूल पाहिजे, कोणाला वाळा, कोणी आता हनीकॉम्ब मागतो, पंप बदलायचा, मोटरला नवी बेअरिंग, टाकीला आतून डांबर. फेब्रुवारी ते जून दादा दिसतच नाही, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर फोन उचलायची पण सोय नसते. आणि मग पहिला दमदार पाऊस आला की हवेत ओल येते, ओल आली की कूलर थंड करत नाही, आणि धंदा चार दिवसांत बंद. या पाच महिन्यांत दादाला खर्च जाऊन साडेतीन-चार लाख सुटतात. उरलेले सात महिने गिझर, आरओ, पाण्याच्या मोटरी असं करून महिन्याला सोळाएक हजार.

ऑफर आली मागच्या दिवाळीच्या आसपास. पुण्याचं हिंजवडी आयटी पार्क, फेज ३. सीटीसी, म्हणजे कंपनीला वर्षाला पडणारा एकूण खर्च, साडेआठ लाखांवरून पंधरा लाख. जॉइनिंग डिसेंबरच्या मध्यात, म्हणजे नोटीस पिरियड कसाबसा बसत होता. हायब्रिड, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस.

पहिला आठवडा जे काही चाललं त्याला मी चर्चा म्हणणार नाही. पुणं चांगलं की नागपूर चांगलं, एवढंच. दादा म्हणे ट्रॅफिक पाहिला का तिथला, वहिनी म्हणे ४५ डिग्रीत अ‍ॅक्टिवा चालवून पाहा एकदा. दादा म्हणे तर्री पोहे मिळतील का, तान्हा पोळ्याला पोरीचा लाकडी नंदी कुठं फिरवणार, मारबतीची मिरवणूक कुठं पाहणार, वहिनी म्हणे मारबत वर्षातून एकदा असते, पगार बारा वेळा होतो. मलाही ओढलं मधे, कारण मी काही वर्षं पुण्यात राहून परत आलेलो, त्यामुळे दोन्ही पक्षांना मी आपला साक्षीदार वाटत होतो. मी काही बोललो की एकाला तरी राग यायचाच. असल्या गप्पांतून काही ठरत नसतं हे मला तेव्हाही वाटत होतं, शहर चांगलं असतं म्हणजे कोणासाठी, कोणत्या कामासाठी, हे आल्याशिवाय त्या वाक्याला काही अर्थच नाही.

दादाचा खरा मुद्दा मात्र तिसऱ्याच दिवशी निघाला होता आणि तो कोणी नीट ऐकला नाही. जेवताना म्हणाला, "मी तिथं काय करू? पुण्यात कोण कूलर लावून राहिलं? सकाळी पोरीचा डबा भरू का मी?"

वहिनी म्हणाल्या, "भरा की. मी इतकी वर्षं भरलाच ना."

त्यावर दोन दिवस अबोला.

मधल्या काळात वहिनींनी ऑफिसमध्ये विचारून पाहिलं, काउंटर ऑफर आली, पंधरा टक्के वाढ, काम तेच. काम तेच हाच घोळ होता. मॅन्युअल टेस्टिंग, जुनं प्रॉडक्ट, तोच क्लायंट, वर चढायला जागा म्हणजे लीड, आणि लीडच्या खुर्चीवर त्यांच्याच वयाचा माणूस बसलेला, तो काही नागपूर सोडणार नाही. मिहानमध्ये कंपन्या आहेत, मोठ्या आहेत, पण ज्या लेव्हलला वहिनी होत्या तिथून पुढं ऑटोमेशनच्या जागा पुण्यात दहा तर इथं एखादी अशी त्यांची समजूत, आणि त्यांनी वर्षभर इंटरव्ह्यू देऊन पाहिलेले असल्यामुळे मी त्यावर वाद घातला नाही.

शेवटी त्यांनी जे केलं ते मला आवडलं. त्या टेस्टर आहेत, कुठलीही गोष्ट कुठं फुटेल हे त्यांना आधी दिसतं. त्यांनी एक शीट बनवली. त्यात नागपूर-पुणे असे कॉलम नव्हते, घरातल्या माणसांचे होते. प्रत्येकाखाली तीन ओळी: याचं काय हलवता येत नाही, हलवलं आणि फसलं तर परत येता येईल का, आणि यायला काय लागेल. वहिनींच्या खाली, नोकरी सोडली की जुनी कंपनी परत घेईल याची खात्री नाही, पण वर्षभराचा पुण्याचा अनुभव घेऊन नागपुरात दुसरी मिळेल, कमी पगारात का होईना. पोरीच्या खाली, शाळा बदलता येते, मधल्या वर्षात नको. काका-काकूंच्या खाली, घर हलवता येत नाही, काकांचा डॉक्टर हलवता येत नाही. दादाच्या खाली, गिऱ्हाईक हलवता येत नाही, एक सीझन चुकवला तर ते दुसऱ्याकडे जातं आणि परत येत नाही.

हे लिहिल्यावर एक गोष्ट उघड झाली. पोरगी आणि वहिनी जाऊन परत येऊ शकत होत्या. दादाचा धंदा एकदा गेला की गेला. आणि तोवर घरात सगळे धरून चालले होते की हलायला सगळ्यात सोपा दादाच, कारण त्याचा पगार नाही, दुकान काय कुठंही टाकता येतं. नाही टाकता येत. पुण्यात संध्याकाळी हवा पडते, लोक पंख्यावर भागवतात, फार तर एसी. नागपुरासारखं खिडकीला बसवलेलं लोखंडी धूड आणि दरवर्षी त्याला ताटी बदलणारं गिऱ्हाईक तिथं गल्लोगल्ली कुठून आणणार. गिझर-आरओचं काम मिळेल, पण त्यासाठी ओळखी लागतात आणि त्या मानेवाड्यात जमायला त्याला दहा-बारा वर्षं लागली.

आता पैसे. हा भाग मी जरा सविस्तर लिहितो कारण इथंच बहुतेक लोक फसतात. सीटीसी साडेआठवरून पंधरा म्हणजे साडेसहा लाखांची वाढ, महिन्याला चोपन्न हजार, असं दादाने पहिल्याच दिवशी मोबाइलवर काढलं होतं आणि त्याच आकड्यावर घरात सगळी भांडणं चाललेली. ऑफर लेटरचं दुसरं पान कोणी उघडलंच नव्हतं. पंधरातले दीड लाख व्हेरिएबल, म्हणजे वर्ष संपल्यावर, कंपनीची आणि तुमची दोघांची कामगिरी बरी असली तर. बेसिक सहा लाख, त्यावर कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के म्हणजे ७२ हजार, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी २९ हजारांच्या आसपास, हे दोन्ही सीटीसीतच मोजलेले. उरले साडेबारा लाखांना थोडे कमी. त्यातून वहिनींचा स्वतःचा पीएफ महिन्याला सहा हजार, प्रोफेशनल टॅक्सचे दोनशे.

मग इन्कम टॅक्स. नव्या रेजीममध्ये पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्स लागत नाही हे सगळ्यांना पाठ झालंय, म्हणून आधी वाटलं शून्य. पण व्हेरिएबल मिळालं की ते त्या रेषेच्या वर जातं, आणि वर गेलं की टॅक्स चार लाखांपासून पुढच्या सगळ्या स्लॅबवर लागतो, साधारण ८० हजारांच्या घरात. म्हणजे दीड लाखाच्या व्हेरिएबलमधले अर्ध्याहून जास्त सरकारच्या खात्यात. जुन्या रेजीममध्ये एचआरए लावून पाहिला, तरी नवीच स्वस्त पडत होती, आणि नवीत भाड्याची सूट नाही. सगळं जाऊन हातात महिन्याला ९१ हजार. नागपुरात ६१ पडत होते. वाढ चोपन्नची नाही, तीस हजारांची.

आणि हिंजवडीजवळच्या वाकडला टू बीएचकेचं भाडं मेंटेनन्स धरून तीस हजार. झालं, वाढ तिथंच संपली. त्यावर पोरीचं शाळेनंतरचं डे केअर, जे नागपुरात काकू करत होत्या आणि ज्याचे पैसे कोणी कधी मोजले नव्हते. त्यावर दादाचे बिगरसीझनचे सोळा हजार जाणार. सुरुवातीचा खर्च वेगळा: डिपॉझिट, ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, ट्रक. म्हणजे सगळं कुटुंब उचलून पुण्याला नेलं तर पहिल्या वर्षी हे लोक नागपुरापेक्षा गरीब झाले असते, पंधरा लाखांच्या पगारावर.

हे पाहून दादा खूश झाला, म्हणाला बघ, मी म्हणत होतो. वहिनी गप्प होत्या, मग म्हणाल्या की हा हिशोब या वर्षाचा आहे. माझा पुढचा पगार पंधरावर ठरेल की साडेआठवर, आणि मला अजून पंचवीस वर्षं नोकरी करायचीये. मला दोन्ही पटत होतं. पण खरं सांगायचं तर वहिनींच्या बाजूचं जास्त, कारण बाई पस्तिशीला आली की आयटीत 'पुढच्या वर्षी बघू' या शब्दांना फार काही किंमत राहत नाही.

उत्तर द्यायच्या आधी एक शहाणपणाचं काम केलं, एचआरकडून आठवडाभर मुदत वाढवून घेतली. दिली त्यांनी, सहसा देतात, शुक्रवार म्हणजे शुक्रवार असं फार थोड्या वेळा असतं. वहिनी वाकडला मावसबहिणीकडे जाऊन राहिल्या आणि कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला फेज ३ ला निघाल्या. रविवारी पाहायला जाणारे लोक असतात, त्यांना हिंजवडी फार सुंदर वाटते. वहिनींना वाकडच्या पुलापाशीच सिग्नल मोजता येईना, पोचायला तास लागला, परत यायला त्याहून जास्त. मेट्रोचे खांब डोक्यावर दिसत होते, पण खांबांवरून ऑफिसला जाता येत नाही. सोसायट्यांत फिरल्या, वॉचमनशी बोलल्या, उन्हाळ्यात टँकर किती येतात ते विचारलं. हे एजंट सांगत नाही, वॉचमन सांगतो. एका सोसायटीत तो म्हणाला, ताई, मार्चपासून मोजायचं सोडून देतो. ती सोसायटी यादीतून गेली.

परत आल्या त्या काही फार उत्साहात नव्हत्या. मला वाटलं आता नाहीच म्हणणार.

गुंता सोडवला काकूंनी, आणि अगदी सहज. भाजी निवडत बसल्या होत्या, आम्ही तिघं बडबड करून राहिलो होतो, त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी एकाच ट्रकमधून कायले जायचं?"

तोवर हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्यांनी धरलं होतं की एक तारीख ठरणार, त्या दिवशी घराला कुलूप. पण प्रत्येकाचं वर्ष वेगळ्या महिन्यात सुरू होतं. वहिनींचं डिसेंबरात. पोरीचं जूनमध्ये, आणि त्यातही पुण्यात शाळा जूनच्या मध्यात उघडतात, विदर्भात उन्हामुळे आठवडा-दहा दिवस उशिरा. दादाचं फेब्रुवारीत सुरू होऊन पहिल्या पावसाला संपतं. म्हणजे दादा जुलै ते जानेवारी तसाही मोकळा, आणि फेब्रुवारी ते जून तो पुण्यात असला काय आणि नसला काय, कामातच असणार. पोरीची एप्रिलची परीक्षा झाली की सुट्टी नागपुरात, आजी-आजोबांकडे, बाप पण तिथंच.

तर ठरलं ते असं. वहिनी डिसेंबरात एकट्या जातील, पीजीत राहतील. पोरगी तिसरी नागपुरात पूर्ण करेल. दादा सीझन करेल. जूनमध्ये पोरगी पुण्यात चौथीला, आणि दादा सीझन आवरून मागून पोचेल, जानेवारीपर्यंत तिथं राहील, पोरीचं शाळेचं बघेल, डबा भरेल (हो, हे ठरलं), फेब्रुवारीत परत नागपूर. दुकान बंद नाही. त्याच्याकडे कामाला असलेला पोरगा बिगरसीझनची कामं अर्ध्या वाट्यावर बघेल, म्हणजे सोळातले आठ तरी वाचले आणि गिऱ्हाईक टिकलं. काका-काकू कुठंही जाणार नाहीत.

काकांचं वेगळं सांगायला पाहिजे. त्यांची अँजिओप्लास्टी झालीये, औषधं चालू आहेत, डॉक्टर ओळखीचा. वहिनींनी मनापासून म्हटलं होतं की तुम्ही पण चला. काका म्हणाले, "मी कायले येऊ बावा? सकाळी रेशीमबाग मैदानावर चार माणसं भेटतात मले, तिथं चौदाव्या मजल्यावर कोण भेटन?" हे हट्टाने नव्हतं. त्यांचं खरंच तेवढंच मागणं होतं, की आपल्यासाठी कोणी थांबू नये आणि आपल्याला कोणी उचलून नेऊ नये. त्यांच्यासाठी जी सोय केली ती साधी, शेजारच्या घरी किल्ली, रिपोर्टांच्या फोटोंचा फोल्डर सगळ्यांच्या मोबाइलवर, आणि मी, कारण मी नागपुरातच आहे. हे शेवटचं मला न विचारता ठरलं, पण ठीक आहे.

लोक बोलले. बोलणारच. बाईमाणूस पोरीला टाकून नोकरीला गेली म्हणे, एवढं काय अडलं होतं, स्वतःचं घर आहे, नवऱ्याचं दुकान आहे. आमच्याच गल्लीतले तीन जण दुबईला, एक मस्कतला, बायकापोरं इथं ठेवून गेलेत, त्यांच्याबद्दल 'मेहनती आहे हो पोरगा' असं बोलतात. काकूंनी एकदा एका बाईला दारातच विचारलं की तुमचा जावई कुठं असतो हो सध्या. त्यानंतर जरा कमी झालं.

जायच्या आधी वहिनींनी शीटच्या खाली थांबायच्या अटी लिहिल्या, आणि दोघांनी सही केली, गमतीत, पण केली. प्रोबेशन सहा महिन्यांचं, कन्फर्मेशन लेटर हातात आल्याशिवाय घराचं अ‍ॅग्रीमेंट करायचं नाही. काकांची तब्येत बिघडली तर दादा त्याच दिवशी परत, पुण्यात कितीही काम असो. पोरगी दिवाळीपर्यंत रुळली नाही तर पुढच्या जूनमध्ये परत नागपूर, तिला दोष न देता. आणि हायब्रिड हे अपॉइंटमेंट लेटरमध्ये लिहिलेलं नव्हतं, फक्त एचआर फोनवर बोलली होती, त्यामुळे हिशोब पाच दिवस ऑफिस धरूनच करायचा.

ही शेवटची अट कामाला आली. सुरुवातीला छान चाललं होतं, ऑफिस मंगळवार ते गुरुवार, म्हणून वहिनी गुरुवारी रात्रीची गाडी पकडून शुक्रवारी मानेवाड्यातून लॉगिन, सोमवारी पण इथूनच, सोमवारी रात्री परत. एका फेरीत चार दिवस घर. अजनी (नागपूर)-पुणे वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून आहे, बारा तास घेते, पण ती दिवसाची आणि सगळी चेअर कार, त्यात आख्खा दिवस जातो, त्यामुळे या कामाला रात्रीच्या गाड्या किंवा ट्रॅव्हल्सच. समृद्धीचा लोक फार विचारतात, तो मुंबईला जातो, पुण्याला जायचं तर संभाजीनगरला उतरून पुढं अहिल्यानगरचा रस्ता आहेच. मार्चमध्ये ऑफिस चार दिवसांचं झालं, सोमवार-शुक्रवार दोन्ही धरून, आणि ही सगळी युक्ती गेली. आता शुक्रवारी रात्री निघून रविवारी रात्री परत, हाती दीड दिवस. ज्यांनी तीन दिवसांच्या भरवशावर लांब घर घेतलं होतं ते टीममधले लोक फार चिडलेत. वहिनी चिडल्या नाहीत, थकल्या.

आणि तिकीट ही एक नवी नोकरीच आहे. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, आधी १२० होतं, सणावाराचं तर उघडल्या सकाळीच बसावं लागतं, नाहीतर ट्रॅव्हल्सवाले सांगतील तो रेट. वहिनींच्या मोबाइलवर प्रत्येक लाँग वीकेंडच्या साठ दिवस आधीचा अलार्म आहे.

पोरीचं म्हणाल तर पहिला महिना पोरगी रडली, दुसरा महिना वहिनी रडल्या, तिसऱ्यापासून व्हिडिओ कॉलवर दोघी गणितावरून भांडायला लागल्या तेव्हा काकू म्हणाल्या आता बरं आहे. फेब्रुवारीत पोरीला ताप आला, वहिनींना गाडी मिळाली नाही, विमानाने आल्या, महिन्याच्या बचतीतला मोठा घास त्यात गेला. हे कागदावर कुठं नव्हतं. घरापासून सातशे किलोमीटर लांब राहायचं तर असल्या एका तिकिटाचे पैसे कायम बाजूला ठेवावे लागतात, आता ठेवतात.

पण एक गोष्ट अपेक्षेपेक्षा बरी झाली. पीजीचे अकरा हजार आणि येण्याजाण्याचे धरले तरी ९१ मधले बरेच उरत होते. पाच महिन्यांच्या या अर्धवट मुक्कामानेच डिपॉझिट, ब्रोकरेज आणि ट्रकचे पैसे जमवले. एकदम सगळे गेले असते तर हे सगळं पर्सनल लोनवर गेलं असतं, आणि मग नोकरी आवडो न आवडो, तिथं थांबावंच लागलं असतं. आणखी एक, पीजीत राहिल्यामुळे वहिनींना भाग कळला. आधी त्यांना वाकडच पाहिजे होतं, आता फेज ३ कडच्या बाजूला बघून राहिल्या, शाळा आणि ऑफिस दोन्ही पुलाच्या एकाच बाजूला पाहिजेत म्हणून. हे नागपुरात बसून मोबाइलवर कळलं नसतं.

शाळेचं मात्र अटींप्रमाणे झालं नाही. कन्फर्मेशन जूनच्या मध्यात आणि शाळा पण जूनच्या मध्यात, मग अ‍ॅडमिशन आधीच घ्यावी लागणार, हे शीटमध्ये कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. एप्रिलमध्ये फी भरली, परत न मिळणारी. दादा म्हणाला बुडाली तर बुडाली. नागपूरच्या शाळेतून टीसी अजून काढली नाहीये. आठवीपर्यंत आरटीई (शिक्षण हक्क) कायद्याने टीसीला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, खाजगी शाळेत मात्र तेवढी ढिलाई चालेलच असं नाही. इथल्या मॅडमना दादाने तोंडी सांगून ठेवलंय की जूनच्या शेवटापर्यंत पटावरून नाव काढू नका.

सध्या मे आहे आणि सीझन जोरात आहे. दादाशी बोलायचं तर रात्री दहानंतर. परवा विचारलं मनात काय आहे, तर म्हणाला पुण्यात सात महिने नुसतं बसणं काही आपल्याने होणार नाही, आरओच्या एका कंपनीचं सर्व्हिसचं काम मिळतंय का ते बघून राहिलोय, वहिनींच्या मावसबहिणीच्या सोसायटीत चार घरं तयार आहेत. मग म्हणाला, आणि डबा काही एवढा अवघड नाही, काकूकडून आलूभाताची रीत लिहून घेतलीये. वहिनींना व्हेरिएबल मिळेल का, किती मिळेल, ते अजून कोणालाच माहीत नाही. त्यांच्या मॅनेजरने कन्फर्मेशनबद्दल 'काही प्रॉब्लेम नाही' असं सांगितलंय, त्यावर त्या म्हणाल्या, हेच मला मेलवर पाहिजे.

घर दोन पाहून ठेवलीत. एका मालकाला अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करायचं नाही, नुसतं स्टॅम्प पेपरवर करू म्हणतो, भाडं दीड हजाराने कमी करतो. महाराष्ट्रात भाडेकरार रजिस्टर करणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे, रजिस्टर नसेल तर अटींबाबत कायदा आधी भाडेकरूचं म्हणणं धरतो, तरी उद्या डिपॉझिटवरून वाद झाला तर भांडत बसणं भाडेकरूलाच जड जातं, हे मी पुण्यात शिकून आलोय. वहिनींना सांगितलं दुसरं घर घ्या. दादाला दीड हजार दिसून राहिलेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघं मिळून बघायला जातील म्हणतात, म्हणजे वहिनी जातील आणि दादा व्हिडिओ कॉलवर पंप बदलता बदलता बघेल.